टाकी फुल्ल, थापा त्याहून फुल्ल

जुन्या स्पोर्ट्स कारवाल्यांच्या घोळक्यात उभं राहून मोठ्यानं विचारा, “किती देते हो?” सत्यनारायणाच्या प्रसादाला कांदा मागितल्यासारखी माणसं तुमच्याकडे बघतील. मी अमेरिकेत, न्यू जर्सीत राहतो. माझ्याकडे १९९२ ची माझदा मियाटा आहे. हा प्रश्न मी दर खेपेला विचारतो, मुद्दाम विचारतो. कारण त्यानंतर जो खेळ सुरू होतो, त्याला तिकीट नसतं.

गाडी माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. दोन माणसं, नावापुरती डिकी, कापडी टप, आणि बटण दाबलं की बॉनेटमधून वर येणारे दिवे. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांपुढे आली. १.६ लिटरचं इंजिन, ११६ अश्वशक्ती, वजन टनाला टेकेल न टेकेल एवढं. बाकीच्या जगात तिला एमएक्स-५ म्हणतात. गाडी गोड आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद तिच्या मालकांबद्दल आहे.

या मालकांत एक पंथ विरक्तांचा. “आम्ही अ‍ॅव्हरेज बघत नाही,” असं ते डोळे अर्धे मिटून सांगतात. इंधनाचा हिशोब हा प्रापंचिकांचा उद्योग, आम्ही वेगब्रह्मात लीन. बरं. पण याच महात्म्यांना कोणत्या वर्षी कोणता गिअरबॉक्स आला, नटबोल्ट किती जोरानं आवळायचा, टायरमध्ये हवा पुढे किती नि मागे किती, हे सगळं दशांश चिन्हासकट पाठ असतं. वजन कमी करायचं म्हणून ते स्टेपनी काढून घरी ठेवतात. (स्वतःच्या पोटाचा विषय त्या वेळी काढायचा नसतो. मी काढतो.) थोडक्यात, आकड्यांचं वावडं नाही. वावडं आहे ते फक्त त्या एका आकड्याचं, जो पंपावर रोकडा मोजून द्यावा लागतो.

आणि मग येतं त्यांचं ब्रह्मास्त्र: जिन्बा इत्ताई. हा जपानी मंत्र माझदानंच या गाडीला चिकटवला. घोडा आणि स्वार एकरूप. ऐकायला फार छान. पण महाराज, घोड्याशी एकरूप झालेल्या स्वाराला घोडा दिवसाला किती वैरण खातो हे ठाऊक नको? पागेतला साधा मोतद्दारसुद्धा सांगेल की वैरण अचानक वाढली किंवा कमी झाली, तर जनावराला काहीतरी होतंय. यांचं अद्वैत चाऱ्याचा विषय निघाला की संपतं.

तरीही विरक्त परवडले. ते निदान गप्प बसतात. खरा ऐवज म्हणजे दुसरा पंथ, अ‍ॅव्हरेजबहाद्दरांचा.

“माझी पस्तीस देते.” पस्तीस म्हणजे गॅलनला पस्तीस मैल, आपल्या हिशोबात लिटरला जवळपास १५ किलोमीटर. तीस वर्षांच्या इंजिनाकडून. टप उघडा टाकून. वाक्य कसं बघा, “एकदा दिली होती” असं नाही, “देते”. नित्य वर्तमानकाळ. सूर्य पूर्वेला उगवतो, पाणी शंभर अंशाला उकळतं, माझी पस्तीस देते. जरा खोदलं की कळतं, हा आकडा एका टाकीचा आहे. ती टाकी कधीतरी ओबामांच्या काळात भरली होती. रस्ता डोंगरावरून समुद्राकडे उतरणारा होता, वारा पाठीवर होता आणि भाईसाहेब सबंध वाट एका मालट्रकच्या मागे ताशी पंचावन्न मैलांनी गेले. आता मला सांगा, स्पोर्ट्स कार घ्यायची, वळणावळणांच्या रस्त्यांची कवनं गायची, आणि मग तीनशे मैल एका ट्रकच्या मडगार्डाकडे बघत जायचं. का? तर एक आकडा मिळवायचा, आणि तो पुढची दहा वर्षं लोकांच्या तोंडावर फेकायचा. याला छंद म्हणायचं की शिक्षा?

यांना यंत्रशास्त्राचा त्रास कुणी दिलेला नसतो, म्हणून मी देतो. मियाटा दिसायला नाजूक असली तरी वाऱ्यातून जाताना ती अजिबात नाजूक नाही. टप लावलेला असताना तिचा वायुरोध गुणांक ०.३८ च्या आसपास, म्हणजे आजच्या साध्या कौटुंबिक सेडानपेक्षा वाईट. टप काढला की आणखी बिघडतो, कारण वारा काचेवरून येतो तो थेट तुमच्या मांडीवर बसतो. त्यात गिअर ठेंगणे. माझ्या १.६ लिटरवालीचा पाचवा गिअर आणि मागचा डिफरन्शियल यांचा गुणाकार केला, तर ताशी ७० मैलांना इंजिन मिनिटाला ३६०० फेरे मारत असतं. सहावा गिअर नाही. हायवेला लागलं की निवांत सुस्कारा टाकावा, ही सोय त्या गाडीला कुणी दिलेलीच नाही. ती चपळाईसाठी बांधली, काटकसरीसाठी नाही, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही. लाज या लोकांना वाटते आणि ती झाकायला पस्तीसचा शेला पांघरतात.

मोजायचं कसं, हे तर त्याहून मजेदार प्रकरण. पद्धत शाळकरी आहे. टाकी फुल्ल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, गाडी चालवा, पुन्हा फुल्ल करा, गेलेले मैल भागिले भरलेले गॅलन. चौथीतल्या पोराला येईल. पण ‘फुल्ल’ म्हणजे किती, हे ठरवणार कोण? न्यू जर्सी हे अमेरिकेतलं एकमेव राज्य उरलंय, जिथे स्वतःच्या हातानं पेट्रोल भरायला कायद्यानं बंदी आहे. कायदा १९४९ चा. चंद्रावर माणूस जाऊन आला, इथल्या प्रौढ नागरिकाच्या हाती नोझल मात्र अजून आलं नाही. तेव्हा पंपावरचा पोऱ्या भरतो. नोझलनं पहिला ‘खट’ केला की एखादा थांबतो. एखाद्याला तीस डॉलर आणि सदतीस सेंट हा आकडा बघवत नाही, तो एकतीस पूर्ण होईपर्यंत ठेचून भरतो. तिसरा फोनवर बोलत असतो, तो काय करतो हे त्यालाही माहीत नसतं. माझ्या गाडीची टाकी ४५ लिटरची. एका खेपेला भरतात तीसेक लिटर. त्यात एका लिटरचा इकडचा तिकडे फरक पडला, की हिशोबात तीन टक्क्यांहून जास्त घोळ. दोन टोकांना दोन घोळ आणि दोन्ही एकाच दिशेला गेले, तर सव्वीसची गाडी कागदावर अठ्ठावीसच्या घरात जाते आणि मालक नवसाला पेढे वाटतो.

पुढच्या टाकीला तोच घोळ उलटा फिरतो, आकडा पंचविसाच्या खाली पडतो. पण ती टाकी बहाद्दरांच्या स्मरणात राहत नाही. “त्या दिवशी ट्रॅफिक होता.” अहो, ट्रॅफिक असतोच! न्यू जर्सीत ट्रॅफिक हा हवामानाचा भाग आहे. चांगली टाकी गाडीच्या गुणांमुळे आणि वाईट टाकी परिस्थितीमुळे, हा न्याय लावला तर मीसुद्धा ऑलिम्पिक धावपटू आहे. पाय दुखले नाहीत त्या दिवशीचा.

म्हणून एका टाकीला काडीचा अर्थ नाही. सगळे मैल एकत्र, सगळे गॅलन एकत्र, मग भागाकार. इथे बहाद्दर दुसऱ्यांदा आपटतात. शंभर मैलांना वीसचा आकडा मिळाला, पुढच्या शंभर मैलांना तीसचा, तर सरासरी किती? “पंचवीस!” ते उत्साहानं ओरडतात. चूक. पहिल्या शंभराला ५ गॅलन गेले, दुसऱ्या शंभराला ३.३३. दोनशे मैल भागिले ८.३३, म्हणजे २४. एक मैल हवेत निर्माण केला तुम्ही, शुद्ध बेरीज-भागाकाराच्या अज्ञानातून. मुळात ‘गॅलनला किती मैल’ हे मापच माणसाला गंडवणारं आहे. ड्यूक विद्यापीठाच्या लॅरिक आणि सोल या दोघांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हे नीट मांडलं होतं. दहा हजार मैलांचा हिशोब करून बघा. १४ ची गाडी १७ वर नेली तर सव्वाशे गॅलन वाचतात. ३३ ची ५० वर नेली तर शंभरच्या थोडे वर. पण टाळ्या कुणाला पडतात? पन्नासवाल्याला. आपलं ‘लिटरला किती किलोमीटर’ हे त्याच मापाचं सख्खं भावंड, तेव्हा इकडच्या लोकांना फार हसू नका. युरोपातले लोक शंभर किलोमीटरला किती लिटर लागले ते विचारतात. रुक्ष आहे, पण सरळ आहे. फुशारकी मारायला मात्र एकदम निरुपयोगी, म्हणून आपल्याकडे कुणाला आवडत नाही.

आणि टायर! टायरांबद्दल बोलायचंच नाही असा जणू कट आहे. ओडोमीटर रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. माझ्या गाडीला कंपनीचे १८५/६०, १४ इंची टायर. त्यांची उंची नवे असताना सुमारे ५७८ मिलिमीटर. घासून घासून सहा मिलिमीटर रबर गेलं की उंची बारा मिलिमीटरनं घटली. चाक तेवढ्याच रस्त्याला जास्त फेरे मारतं, मीटर दोन टक्के जास्त मैल दाखवतं, आणि अ‍ॅव्हरेज ‘सुधारतं’. म्हणजे गुळगुळीत झालेल्या टायरांवर पावसात घसरत निघालेला इसम दिवसेंदिवस जास्त काटकसरी होत जातो, कागदावर. उलट ज्यानं रुबाबासाठी १६ इंची चाकं आणि २०५/४५ टायर बसवले, त्याचं मीटर दोन टक्क्यांहून अधिक कमी मोजतं, आणि बिचारा “नव्या टायरांनी अ‍ॅव्हरेज खाल्लं” म्हणून कपाळ बडवतो. काही खाल्लं असेलही. पण आधी मीटर तर सरळ करा.

एक कंस उघडतो. १९९५ च्या सुमारास माझदानं या गाडीतला ऑइल प्रेशरचा खराखुरा काटा काढला आणि त्या जागी एक शोभेचा बसवला. तेलाचा दाब किमान पातळीच्या वर असला की हा काटा मध्यावर जाऊन समाधानानं उभा राहतो, बस. खरा काटा इंजिनाबरोबर वरखाली व्हायचा, आणि काटा हलला की काही मालकांचा जीवही हलायचा. त्यांना सुखावणारी सुई दिली, प्रश्न मिटला. कंपनीनं आपलं गिऱ्हाईक किती अचूक ओळखलं होतं! कंस बंद.

आता तुम्ही म्हणाल, मालक थापा मारतात, पण सरकारी आकडा आहे ना? आहे. त्याचीही जन्मपत्रिका बघू. अमेरिकेची पर्यावरण संस्था जी हायवेची चाचणी घेत आली, ती रोलरवर घेतली जाते. तिचा सरासरी वेग ताशी ४८ मैल आणि कमाल वेग ६०. ती बेतली गेली सत्तरच्या दशकात, देशभर ५५ ची मर्यादा होती तेव्हा. आज न्यू जर्सी टर्नपाइकवर ताशी ४८ नं जाऊन दाखवा. मागचे लोक तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतील. चाचणीतले आकडे लोकांना मिळत नाहीत, हे लक्षात आल्यावर १९८५ पासून काय केलं? शहराच्या आकड्यातून सरसकट १० टक्के आणि हायवेच्या आकड्यातून २२ टक्के कापायला लागले. भाव आधी चढवायचा आणि मग घासाघीस केल्यासारखं उतरवायचा, हे तुळशीबागेतच शिकले असावेत. २००८ च्या मॉडेलपासून वेगाची, थंडीची, एसीची चाचणी जोडली, आणि जुन्या गाड्यांचे आकडे नव्या हिशोबात बसवून मागाहून उतरवले. माझी गाडी गॅरेजमध्ये उभ्या उभ्या वॉशिंग्टनहून अधिक खादाड ठरवण्यात आली. तिला कुणी विचारलंही नाही.

शिवाय बहुतेक चाचण्या कंपन्या स्वतःच घेतात, सरकार त्यातल्या काही तपासतं. २०१२ मध्ये ह्युंदाई आणि किया यांना अमेरिकेत सुमारे नऊ लाख गाड्यांचे छापील आकडे खाली आणावे लागले. २०१४ मध्ये दहा कोटी डॉलरचा दंड झाला. स्वतःचा पेपर स्वतः तपासण्यात हा एक धोका असतो, कधीतरी कुणीतरी पुन्हा तपासतं.

आपल्याकडची कथा पुणेकरांना माहीतच आहे. ज्या टेकडीवर निम्मं कोथरूड सकाळी फिरायला जातं, तिला ‘एआरएआयची टेकडी’ म्हणतात. तिथल्या त्या संस्थेचा आकडा देशभरच्या जाहिरातींत झळकतो. भारतीय चाचणीत कमाल वेग ताशी ९० किलोमीटर आणि सरासरी तिशीच्या घरात. टेकडीच्या पायथ्याशी पौड रोडवर सायंकाळी सहा वाजता ती सरासरी काढून दाखवणाऱ्याचा जाहीर सत्कार करावा. मारुतीनं ‘कितना देती है’ ही जाहिरात केली तेव्हा सारा देश हसला, कारण सारा देश तोच प्रश्न विचारत होता. हसण्यासारखा प्रश्न नव्हताच. हसण्यासारखं होतं ते त्याचं उत्तर आणि ते ऐकून मान डोलावणारे आपण.

पैशांचंही एकदा उरकून टाकू. जुनी स्पोर्ट्स कार वर्षाला तीन हजार मैल चालली तर पुष्कळ. २५ चं अ‍ॅव्हरेज २८ वर नेलंत, तर १२० गॅलनच्या जागी १०७ लागतील. तेरा गॅलन वाचले. साडेतीन डॉलरचा भाव धरा: पंचेचाळीस डॉलर. वर्षाचे. या पंचेचाळीस डॉलरसाठी बहाद्दर काय काय करतात, ऐका. महागडे इरिडियम प्लग. हवा ‘थंड’ आत घेणारी चकचकीत नळी, जी बसते तापलेल्या इंजिनाच्या शेजारी. ज्या इंजिनाला कंपनीनं साधं ८७ ऑक्टेन सांगितलंय, त्याला ९३ चं उंची पेट्रोल, म्हणजे आकडा होता तिथेच आणि बिल वर. टाकीत ओतायच्या बाटल्या. इंधनाच्या नळीला बांधायची लोहचुंबकं, होय, एकविसाव्या शतकात, गंडादोऱ्यासारखी. असल्या शंभराहून अधिक करामती अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं तपासून बघितल्या. एकीनंही लक्षणीय काही वाचवलं नाही. आणि हो, “पेट्रोल पहाटे भरावं, गार असतं, जास्त मिळतं” असं सांगणारे एक काका प्रत्येक महाराष्ट्र मंडळात असतात. पेट्रोल अंशाला साधारण ०.१ टक्का प्रसरण पावतं. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिला तुमची पहाट कळतसुद्धा नाही. काकांनी झोपावं.

मग हा माणूस स्वतः का मोजतो, असं तुमच्या मनात आलंच असणार. तुम्ही हुशार आहात, म्हणूनच तर तुमच्याशी बोलतोय. मी काटकसरीसाठी मोजत नाही. काटकसर करायची असती तर टोयोटा घेतली असती आणि असले लेख लिहायची वेळ आली नसती. तीस वर्षांच्या गाडीत स्वतःची तक्रार सांगणारा संगणक जवळपास नाही. थर्मोस्टॅट उघडा अडकला तर इंजिन कधी नीट तापत नाही, आणि थंड समजून जास्त पेट्रोल पीत राहतं. ऑक्सिजन सेन्सर म्हातारा झाला की मिश्रणाचा अंदाज चुकतो. मागचा ब्रेक कॅलिपर अडकून चाकाला किंचित धरून ठेवतो. हे या गाडीचं जुनं दुखणं. यातलं काहीही दिव्याच्या रूपानं समोर येत नाही. येतं ते वहीत: सव्वीसच्या आसपास हेलकावे खाणारी रांग हळूहळू चोविसाकडे झुकायला लागते आणि परत वर येत नाही. तेव्हा चाकांना हात लावून बघायचा, कुठलं जास्त गरम आहे ते. माझ्या दृष्टीनं आकडा किती आहे याला फारशी किंमत नाही. तो हलला का आणि कधीपासून हलला, याला आहे. त्यासाठी वाईट टाक्याही लिहाव्या लागतात. हिवाळ्यातल्या, ट्रॅफिकमधल्या, पोऱ्यानं ठेचून भरलेल्या. बहाद्दरांची वही कोरी असते, त्यांच्याकडे फक्त एक सोनेरी पान असतं.

आणि या कोऱ्या वहीची किंमत किती, ते आपल्याच देशात नुकतं बघायला मिळालं. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश एवढीच ऊर्जा, तेव्हा अ‍ॅव्हरेज पडणार हे उघड होतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्क्यांची घट लिहून ठेवलेली आहे. २०२५ मध्ये बोंब उठली. कुणी म्हणे पंधरा टक्के पडलं, कुणी म्हणे निम्मं झालं. पेट्रोलियम मंत्रालयानं ऑगस्टमध्ये खुलासा केला, मोठी घट वगैरे काही नाही, किरकोळ आहे. भांडण जोरदार झालं असतं हो. सरकारला पुराव्यानिशी गाठायची अशी संधी वारंवार येत नाही. आधीच्या दोन वर्षांच्या आणि नंतरच्या सहा महिन्यांच्या पावत्या टेबलावर आपटायच्या, आणि म्हणायचं, हा घ्या तुमचा ‘किरकोळ’.

पुण्यातला माझा एक चुलतभाऊ फोनवर तासभर तळतळत होता. इथेनॉल, साखर कारखाने, दिल्ली, सगळ्यांचा उद्धार झाला. त्याच्या जुन्या गाडीचं अ‍ॅव्हरेज म्हणे पार बसलं.

“आता किती देते?” मी विचारलं.

“खूपच कमी.”

“आणि आधी किती देत होती?”

“आधी? आधी चांगली द्यायची.”